बुजरी मुलगी आणि रंगेल लॉर्ड: रीजन्सी रोमान्स पहिल्या पानापासून कसा लिहायचा

हिस्टॉरिकल रोमान्स वाचणाऱ्यांना ही जोडी पाठच असते. बॉलरूममध्ये भिंतीला लागून मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेली, दोन-तीन सीझन, म्हणजे लंडनमधले नाच-मेजवान्यांचे महिने, झाले तरी कुणी नाचायला न विचारलेली मुखदुर्बळ मुलगी, म्हणजे वॉलफ्लॉवर. आणि सगळ्या आया आपापल्या मुलींना ज्याच्यापासून चार हात लांब राहायला सांगतात तो देखणा, बाहेरख्याली, बहुतेक वेळा कर्जात बुडालेला लॉर्ड, म्हणजे रेक. तो तिच्या मागे लागतो आणि गोष्ट सुरू होते. मराठीत असं लिहायची इच्छा असलेले बरेच जण आहेत, पण लिहायला बसलं की गाडी एकाच जागी अडते. तो येतो, तिचा चष्मा काढतो, तिला झकास गाऊन मिळतो आणि ती एकदम धाडधाड बोलायला लागते. लाजाळूपणा हा जणू आजार आणि लॉर्डसाहेब डॉक्टर.

माझं म्हणणं उलटं आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. ती पहिल्या पानावर बुजरी आहे ना, मग शेवटच्या पानावरही बुजरीच राहू द्या. बदलायचंय ते त्याला, आणि तो बदल त्याला महागात पडला पाहिजे.

सगळ्यात आधी साल ठरवा

"खूप वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये" एवढ्यावर भागत नाही. रीजन्सी म्हणजे काटेकोरपणे १८११ ते १८२०, वेड लागलेल्या तिसऱ्या जॉर्जच्या जागी त्याचा मुलगा प्रिन्स रीजंट म्हणून कारभार बघत होता तो काळ. ही फक्त नऊ वर्षं आहेत पण प्रत्येक वर्षाचा रंग वेगळा आहे, आणि साल नक्की केलं की निम्मे प्रसंग आपोआप सुचतात. १८१४ घेतलंत तर फेब्रुवारीत गोठलेल्या थेम्सवर भरलेली जत्रा मिळते आणि जूनमध्ये नेपोलियनला हरवल्याच्या आनंदात लंडनला आलेले रशियाचे झार आणि प्रशियाचे राजे मिळतात, शहरात नुसती धामधूम. १८१६ घेतलंत तर उन्हाळाच नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्यामुळे अर्ध्या जगाचं हवामान बिघडलं आणि युरोपात जून-जुलैत थंडी-पाऊस. म्हणजे गार्डन पार्टी रद्द, सगळे घरात कोंडलेले, लायब्ररीत दोघांची गाठ पडायला याहून चांगलं निमित्त कुठलं? १८१७ चा हिवाळा घेतलात तर लक्षात ठेवा, नोव्हेंबरात रीजंटची मुलगी राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली आणि अख्खा देश काळ्या कपड्यांत होता, तिथे गुलाबी सॅटिनच्या झग्यांचा बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ, दाखवून चालणार नाही.

आपल्या वाचकाला जवळचा एक धागा याच वर्षांत आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची, आणि पेशवाई संपली. लंडनच्या ड्रॉइंगरूममध्ये ही बातमी पोचायला महिने लागायचे, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपला वळसा घालून जहाज पाच-सहा महिन्यांनी यायचं. नायिकेचा भाऊ कंपनीच्या फौजेत पुण्याकडे असेल तर ती बिचारी कित्येक महिने जुन्या पत्रांवर जगत असणार. असा भाऊ मराठी लेखकाने लिहावा, आपल्याला खडकीचा माळ माहीत आहे.

ती भिंतीशी का बसते, ते खरं कारण शोधा

"ती लाजाळू होती" हे कारण नाही, ते वर्णन झालं. कारण ठोस हवं. तिच्या नावावर पैसा कमी आहे का? मोठी बहीण फार देखणी आहे का? बोलताना अडखळते का? मला सगळ्यात आवडणारं कारण म्हणजे एका कानाने कमी ऐकू येणं. बॉलरूममध्ये व्हायोलिनं, शेकडो माणसं, लाकडी जमिनीवर पावलांचा आवाज, तिला समोरच्याचं बोलणं कळत नाही, ती चुकीच्या ठिकाणी हसते किंवा गप्प राहते, आणि महिनाभरात शहरभर होतं की पोरगी मंद आहे. आता ती का बोलत नाही हे वाचकाला कळतं आणि तो कधीतरी न सांगता तिच्या बऱ्या कानाच्या बाजूला येऊन बसतो तेव्हा वाचकाच्या पोटात कालवतं. एकही डायलॉग लागत नाही.

दुसरी गोष्ट, गप्प मुलगी म्हणजे रिकामी मुलगी नव्हे. भिंतीशी बसणारीला अख्खी खोली दिसते. कोण कुणाला टाळतंय, कुणाच्या हातमोज्याला शाईचा डाग आहे, कुठला ड्यूक पत्त्यांच्या खोलीतून पांढराफटक चेहरा घेऊन बाहेर आला, हे सगळं तिला माहीत असतं कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. तिच्या डोक्यातला आवाज भरपूर मोठा ठेवा, तिखट ठेवा. प्रकरण तिच्या नजरेतून असेल तर दोन ओळींचं बोलणं आणि वीस ओळींचा विचार असं प्रमाण खुशाल येऊ द्या.

आणि तिला काहीतरी हवं असू दे जे लग्न नाही. शेवाळ्यांची चित्रं काढायची असतील, गणित करायचं असेल, धाकट्या भावाला शाळेत पाठवायचं असेल.

तिचा भूतकाळ दाखवायला एक प्रसंग मी हमखास सुचवते, तो म्हणजे राणीपुढे हजर होण्याचा. तिसऱ्या जॉर्जची बायको राणी शार्लट हिच्या दरबारात जाताना मुलींना जुन्या पद्धतीचा मोठा हूप, म्हणजे झग्याखालचा कड्यांचा सांगाडा, घालावाच लागायचा, पण फॅशन तर छातीखाली कंबर असलेल्या गाऊनची, त्यामुळे घेर थेट काखेखालून सुरू व्हायचा. डोक्यावर शहामृगाची उंच पिसं, मागे लांब शेपटा असलेला झगा. वाकून मुजरा करायचा आणि मग राणीकडे पाठ न करता, तो घेर आणि शेपटा सांभाळत, उलट्या पावली दारापर्यंत यायचं. आधीच घाबरट असलेली सतरा वर्षांची मुलगी, मागचं काही दिसत नाही, सगळे बघतायत. इथे ती अडखळली की पुढची तीन वर्षं ती भिंतीशी का बसली हे कुणाला वेगळं सांगायला नको.

अजून एक बारीक पण फार कामाची गोष्ट. घरातल्या सगळ्यात मोठ्या अविवाहित मुलीला नुसतं आडनावाने हाक मारायची पद्धत होती, म्हणजे मोठी ती "मिस पेन" आणि धाकटी "मिस हॅरिएट पेन". थोरलीचं लग्न झालं की त्या दिवसापासून धाकटी "मिस पेन" होते. कुणीतरी ही हाक मारतं आणि ती सवयीने बहिणीला शोधायला मागे वळते. आपल्या बुजऱ्या नायिकेची ओळख करून द्यायला एवढं पुरे आहे.

तो रंगेल आहे, तर ते खरं वाटू द्या

इथे बहुतेक लेखक हात आखडता घेतात. म्हणे फार मोठा रेक, पण पुस्तकात तो एक भुवई उंचावण्यापलीकडे काही करत नाही. त्याने कुणाचं तरी नुकसान केलेलं असलं पाहिजे आणि ती व्यक्ती पुस्तकात चालत येऊन समोर उभी राहिली पाहिजे. जिची बदनामी झाली ती बाई, जुगारात ज्याला त्याने धुऊन काढलं तो पोरगा, कुणीही. मात्र एक रेघ पक्की ठेवा: नकार दिलेल्या बाईवर जबरदस्ती केलेला माणूस पुढे कितीही सुधारला तरी तो नायक होत नाही. काही वाचक जुन्या कादंबऱ्यांचा दाखला देतात, मला तो पटत नाही.

त्याचं वागणं पैशातून दाखवा, कारण त्या वर्गाचा स्वभाव पैशात उघडा पडतो. जुगारातलं देणं कायद्याने वसूलच करता यायचं नाही, पण ते "इभ्रतीचं देणं", म्हणून ते पहिल्यांदा चुकवायचं. आणि शिंपी, जिनगर, मेणबत्तीवाला यांची बिलं वर्षानुवर्षं थकलेली. त्यात तो स्वतः लॉर्ड असेल तर कर्जापायी त्याला अटक होत नसे, उमरावांना तेवढी सवलत होती. शिंप्याच्या घरी चूल थंड आणि हा गडी एका रात्रीत व्हाइट्स या लंडनमधल्या बड्या पुरुषांच्या क्लबात हजार पौंड हरून हसत बाहेर येतो. मग पुस्तकाच्या दोन-तृतीयांशावर एके दिवशी तो आपला आवडता घोडा विकून शिंप्याचं बिल भागवतो, कुणाला सांगत नाही, आणि आपल्या नायिकेला ते मोलकरणीकडून कळतं. माझ्या मते या प्रकारातला सगळ्यात रोमँटिक प्रसंग हाच.

"सुधारलेला रेक सगळ्यात चांगला नवरा होतो" ही समजूत इंग्लंडात अठराव्या शतकापासून होती आणि तेव्हाही शहाणी माणसं तिच्याविरुद्ध लिहीत होती. खरं उदाहरण बघायचं तर लॉर्ड बायरन आणि ॲनाबेला मिलबँक. ती गंभीर, अभ्यासू, गणिताची आवड असलेली. तो १८१२ पासून लंडनचा सगळ्यात गाजलेला कवी आणि सगळ्यात बदनाम पुरुष. त्याची पहिली मागणी तिने १८१२ मध्ये नाकारली, १८१४ मध्ये हो म्हणाली, आपण याला ताळ्यावर आणू असं तिला वाटत होतं. २ जानेवारी १८१५ ला लग्न, डिसेंबरात मुलगी एडा जन्मली, आणि पुढच्याच जानेवारीत पाच आठवड्यांचं बाळ घेऊन ती नवऱ्याचं घर सोडून गेली. एप्रिल १८१६ मध्ये बायरनने इंग्लंड सोडलं तो परत आलाच नाही. लिहायला बसण्याआधी ही हकिकत नीट वाचा. तुमचा नायक बायरनपेक्षा वेगळा का निघतो याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर वाचकाकडेही नसणार, आणि "तिच्या प्रेमामुळे" हे उत्तर चालणार नाही, प्रेम ॲनाबेलाचंही होतं.

दोघांना एकत्र आणायचं कसं

पैज लावून मागे लागणं हा फार वापरलेला मार्ग. व्हाइट्समध्ये पैजांची वही खरोखर होती आणि तिच्यात काय वाट्टेल त्यावर पैजा लिहिलेल्या आहेत, त्यामुळे प्रसंग खोटा नाही, पण वाचकाला पुढचं सगळं आधीच कळतं. मला देवाणघेवाण जास्त आवडते. त्याला तिची नजर हवी आहे, म्हणजे पत्त्यांच्या टेबलावर कोण लबाडी करतंय हे फक्त तिला दिसलंय. आणि तिला त्याचं नाव हवंय, म्हणजे तो मागे लागलाय असं दिसलं की वडिलांनी ठरवलेला म्हातारा बॅरोनेट माघार घेईल. दोघांचं एकमेकांवाचून अडलेलं असलं की ती बिचारी राहत नाही.

ओळख करून दिल्याशिवाय मात्र तो तिच्याशी बोलू शकत नाही, तिसऱ्या कुणीतरी रीतसर ओळख करून द्यावी लागते. आणि नाच नाकारायचा तर तिने त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाबरोबरही नाचायचं नाही, असा दंडक. आता नाचायची भीती वाटणाऱ्या मुलीला हा दंडक किती सोयीचा आहे बघा, ती पहिल्यालाच नकार देऊन रात्रभराची सुटका करून घेते. आणि तो हे ओळखतो.

ऑलमॅक्स, म्हणजे लंडनमधला उच्चभ्रूंचा नाचाचा क्लब, दाखवणार असाल तर बुधवारची रात्र, अकरानंतर दार बंद, दारूचा थेंब नाही, पातळ ब्रेड-बटर, चहा आणि लेमोनेड. प्रवेश लेडी जर्सीसारख्या आश्रयदात्या बायकांच्या मर्जीवर. पण रेकला तिथे प्रवेश मिळेलच असं धरू नका. डान्स कार्ड, म्हणजे कुठला नाच कुणाबरोबर हे लिहायची चिठ्ठी, तीही टाळलेली बरी, ते सर्रास वापरात आलं नंतर.

पहिलं संभाषण लिहिताना

पहिल्या भेटीत तिला बोलतं करायचा मोह आवरा. एक नमुना देते.

लॉर्ड बाजूच्या खुर्चीवर बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "तुम्ही मगाशी तिसऱ्या टेबलाकडे बघत होतात."
मिस पेनने पंखा मिटला.
"दोनदा," तो म्हणाला. "मी हरत होतो तेव्हा."
"चारदा," ती म्हणाली, आणि आपण बोललो या धक्क्याने तिने पंखा परत उघडला.

एवढंच. एक शब्द, पण त्या शब्दाने तो हरला. त्याच्या तोंडी लांबलचक स्तुती घालायची गरज नाही, त्याने फक्त तिच्याकडे लक्ष दिलंय हे दिसलं की झालं.

मराठीत लिहिताना एक हत्यार आपल्याकडे जास्तीचं आहे, ते वाया घालवू नका. चारचौघांत दोघं एकमेकांना "तुम्ही"च म्हणणार, नोकर "आपण" म्हणणार. मग "तुम्ही"वरून "तू"वर कोण आधी येतं आणि कुठल्या प्रकरणात, हे लिहायला घेण्याआधी वहीत नोंदवून ठेवा. माझ्या मते ते तिने करावं, तेही रागात, भांडणाच्या भर तावात. त्याने आधी केलं तर ती लगट वाटते. आणि एकदा "तू" झालं तरी पाहुण्यांसमोर परत "तुम्ही" झालंच पाहिजे, त्यात मजा आहे.

नाती जवळ आणायच्या पायऱ्या सांभाळा

एका रात्रीत एकाच जोडीदाराबरोबर दोनापेक्षा जास्त वेळा नाचलं की लोक लग्नाचं धरून चालायचे. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांची भेट, आई किंवा मावशी खोलीत. फुलं चालतात, दागिने-कपडे नाही, त्यामुळे तो गाऊन शिवून देतो वगैरे विसरा. साखरपुडा झाल्याशिवाय पत्रव्यवहार नाही, त्यात टपालखर्च घेणाऱ्याने भरायचा असल्यामुळे घरातल्यांना चोरून पत्र येणंच अवघड. हाइड पार्कात संध्याकाळी पाचच्या सुमारास उघड्या गाडीतून फेरी मात्र चालायची, मागे नोकर उभा. बुजऱ्या मुलीसाठी ही गाडी म्हणजे पर्वणी, कारण दोघांची नजर पुढे रस्त्यावर असते, डोळ्यात डोळे घालून बोलावं लागत नाही, त्यामुळे तिचं पहिलं लांब वाक्य इथे येऊ द्या. आणि तो घोडे सांभाळतोय म्हणून मध्येच तोडूही शकत नाही.

वॉल्ट्झ तेव्हा नवा होता, प्रिन्स रीजंटने जुलै १८१६ च्या बॉलमध्ये तो ठेवला तेव्हा द टाइम्सने जोरदार टीका केली होती, का तर पुरुषाचा हात बाईच्या कमरेवर. म्हणून तो पुस्तकात एकदाच वापरा, उशिरा वापरा. त्याआधी उघड्या मनगटाला हातमोज्याच्या बटणापाशी झालेला स्पर्श पुरेसा आहे.

मधला पेच कायद्यातून आणा

गैरसमजावर शंभर पानं ओढू नका. "तिने त्याला दुसरीबरोबर पाहिलं" हे वाचकाला कंटाळवाणं झालंय. खरा धोका हाताशी आहे. त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालं की बाईची रोकड, दागिने, कमाई नवऱ्याची. तिच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्या हातात. मुलांवर हक्क बापाचा. आईला निदान लहान मुलांसाठी कोर्टात अर्ज करता येऊ लागला तो १८३९ च्या कायद्याने. घटस्फोट हवा तर पार्लमेंटात स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यायचा, १८५७ पर्यंत हीच गत, आणि बायकांना तो जवळजवळ मिळतच नसे. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिची राहायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले.

म्हणजे रंगेल माणसाला हो म्हणणं हा मनाचा खेळ नव्हता, आख्खं आयुष्य त्याच्या हाती देणं होतं. तिची भीती लाजेची नाही, शहाणपणाची आहे. हे एकदा वाचकाच्या लक्षात आलं की "ती का घाबरते" हा प्रश्न उरत नाही, उलट "ती हो म्हणायचं धाडस कसं करेल" हा प्रश्न पुढची पानं उलटायला लावतो.

उतारा पण त्याच काळात होता. लग्नाआधी करारनामा व्हायचा, त्यात पिन मनी म्हणजे तिच्या हातखर्चाची वार्षिक रक्कम, नवरा गेल्यावर मिळायची जॉइंचर, आणि विश्वस्तांच्या नावावर ठेवून फक्त तिच्या वापरासाठी राखलेले पैसे, ज्याला नवरा हात लावू शकत नाही. मी असते तर प्रेमाची कबुली वकिलाच्या कचेरीत लिहिली असती. कर्जाने गळ्यापर्यंत आलेला माणूस, जिच्या पैशाने सगळं फिटलं असतं, तो वकिलाला सांगतो की सगळी रक्कम तिच्या विश्वस्तांकडे राहील. वकील दोनदा विचारतो. शाई वाळायला वाळू टाकतात. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून नेहमीसारखी सगळं बघतेय, एक शब्द बोलत नाही, आणि तिला बोलायची गरजही नाही.

मागणी, नकार आणि लग्न

त्याची पहिली मागणी तिने नाकारावी, आणि कारण नीट सांगावं, भले चिठ्ठीत लिहून का होईना, बुजऱ्या माणसाला लिहिणं सोपं जातं. नकारानंतर त्याने तिच्या घराखाली ताटकळत उभं राहू नये. त्याने जाऊन आपली घाण स्वतः साफ करावी, इस्टेटीवर राहावं, कुळांची गळकी छपरं दुरुस्त करावीत, जिचं नुकसान केलं तिची जाऊन माफी मागावी आणि तिने ती दिली नाही तर गप्प परत यावं. ती दुखावलेली बाई माफ करत नाही हे माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे, सगळ्यांनीच माफ केलं तर गोष्ट गुळमट होते.

लग्नाचं तांत्रिक सोपं आहे. सलग तीन रविवार चर्चमध्ये जाहीर घोषणा, किंवा बिशपचं लायसन्स, किंवा कँटरबरीच्या आर्चबिशपचं खास लायसन्स, ज्यावर कुठेही आणि कधीही लग्न लावता येतं. बाकीची लग्नं चर्चमध्ये आणि सकाळी आठ ते बाराच्या आत, त्यामुळे मेणबत्त्यांच्या उजेडात रात्रीचं लग्न लिहायचं तर खास लायसन्स दाखवा. चारचौघांत बोलायला घाबरणारी मुलगी तीन रविवार आपलं नाव भर चर्चमध्ये पुकारलेलं ऐकेल का? तो खर्च करून खास लायसन्स आणतो ते तिच्यासाठी, आणि लग्न घरातल्या दिवाणखान्यात सहा माणसांत लागतं. बापाच्या परवानगीशिवाय लग्न लागायचं त्या स्कॉटलंडच्या गावी, ग्रेटना ग्रीनला, पळून जाणं हवंच असेल तर तिचं वय एकवीसच्या आत हवं आणि बापाचा विरोध हवा, नाहीतर स्कॉटलंडपर्यंत जायचं कारणच नाही.

पहिला खर्डा झाला की फक्त तिची वाक्यं वेगळी काढून क्रमाने वाचा. शेवटाकडे ती जास्त बोलतेय असं दिसलं तर कात्री लावा. शब्द तेवढेच ठेवा, पण सुरुवातीला ती "हो", "नाही", "माफ करा" म्हणत असेल तर शेवटी त्याच दोन-तीन शब्दांत ती "थांबा", "मला नको", "इथे बस" म्हणायला हवी. मग त्याची वाक्यं काढा. ती पुस्तकभर लहान होत गेली पाहिजेत, आणि प्रश्नचिन्हं वाढत गेली पाहिजेत.